लाल डबा समोर आणा: नव्या सुपरवायझरसाठी पहिल्या सहा महिन्यांचा रस्ता

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, मराठवाड्यातल्या कुठल्याही एमआयडीसीत जा. दर महिन्याला कुणीतरी ऑपरेटरचा सुपरवायझर होतो. कालपर्यंत शेजारच्या मशीनवर उभा असलेला पोरगा आज बारा-पंधरा जणांचा इन्चार्ज. हातात रजिस्टर, खिशाला दोन पेन, आणि मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलेलं एवढंच: "रिजेक्शन कमी करा, आणि जरा काहीतरी नवीन करून दाखवा." ते कसं करायचं हे कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं. वाळूजच्या एका छोट्या टर्निंग शॉपमध्ये (लेथवर धातूचे गोल पार्ट कातायचं वर्कशॉप) मी असाच इन्चार्ज झालो आणि पहिली दोन वर्षं चुका करत शिकलो. त्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट पुरवणारी छोटी-मोठी वर्कशॉपं उभी राहत गेली. आज वाळूजला लागूनच असलेल्या रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगर या भागात राहणारी हजारो माणसं या शॉपमध्ये काम करतात. वीस-चाळीस माणसांच्या अशा ठिकाणी क्वालिटीचं वेगळं डिपार्टमेंट म्हणजे एक इन्स्पेक्टर आणि एक टेबल. टेबलावर पोचलेला नग आधीच बनून गेलेला असतो. चांगला की वाईट, ते मशीनवर ठरलं. म्हणून क्वालिटीचं काम मुळात तुमच्या टीमचं आहे, आणि टीमला तिकडं नेणं हे तुमचं.

पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका

हे अवघड जातं. नवीन जबाबदारी मिळाली की हात शिवशिवतात. पण पंधरा दिवस फक्त उभं राहून बघा. शिफ्ट सुरू होताना बघा, चहाच्या सुट्टीनंतर बघा, आणि शिफ्ट बदलताना तर नक्की बघा, कारण जाणारा माणूस येणाऱ्याला काय सांगतो (बहुतेक वेळा काहीच नाही) यात निम्मं उत्तर असतं. वही खिशात ठेवा, पण माणसासमोर लिहीत बसू नका. त्याला वाटतं साहेब आपली तक्रार लिहितायत.

मी उलटं केलं. पहिल्याच आठवड्यात एका ऑपरेटरकडून चाळीसेक नग खराब झाले. मी सगळ्या लाइनसमोर त्याला झापलं. त्यानंतर रिजेक्शनचा, म्हणजे खराब नग टाकायचा, लाल डबा रोज जवळजवळ रिकामा दिसायला लागला. मालक खूश, मी खूश. महिनाभरानं ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. शोधाशोध केली तेव्हा कॉम्प्रेसरच्या मागं युरियाचं रिकामं पोतं सापडलं, खराब नगांनी अर्धं भरलेलं. जे पोत्यात गेले नव्हते ते चांगल्या मालात मिसळून पुढं गेले होते. पोरांनी वाईटपणानं केलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की खराब नग साहेबाला दाखवला की शिव्या बसतात, आणि कंत्राटी पोरांना तर भीती होती की ठेकेदार हजेरी कापेल.

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला होता. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त नोंदलेल्या होत्या. त्यांच्या चुका जास्त होत होत्या असं नव्हे. त्या टीममधली माणसं चूक झाली की मोकळेपणानं सांगत होती. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं आणि मला ते पोतं आठवलं.

म्हणून मालकांकडं पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट मागा, पगारवाढ नको, मापाचं नवीन गेज नको: स्वतःहून दाखवलेल्या खराब नगासाठी कुणाचाही पैसा कापला जाणार नाही, आणि हे ठेकेदारालाही मालकांनी स्वतः सांगावं. त्यानंतर लाल डबा कोपऱ्यातून उचलून लाइनच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा वाढेल. ते होणार हे मालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमचीच पंचाईत होईल. आकडा वाढला म्हणजे लपलेला माल बाहेर यायला लागला.

खराब नग घेऊन कुणी आला की तोंडातून निघणारं पहिलं वाक्य ठरवून ठेवा. मी असं म्हणतो: "बरं झालं आणलास. किती वाजता निघाला?" 'कुणी केलं' हा प्रश्न विचारायचाच नाही. वेळ विचारली की बोलणं मशीनकडं वळतं, कोण विचारलं की माणसाकडं.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडं फार महत्त्वाची. तुम्ही पंचविशीचे आणि लेथवरचे मामा पन्नाशीचे, हे चित्र प्रत्येक शॉपमध्ये आहे. मामांना अहो-जाहोच करा, हुद्दा कितीही वाढला तरी. त्यांचं काही चुकलं तर लाइनवर बोलू नका. चहाच्या टपरीवर, बाजूला घेऊन, "मामा, हे जरा बघता का माझ्यासंग" असं म्हणा. मामा एकदा तुमच्या बाजूनं झाले की बाकीची पोरं आपोआप येतात. मामा रुसले तर तुमचा एकही कागद त्या मशीनवर टिकणार नाही.

मोजायच्या आधी मोजमाप तपासा

सोळाव्या दिवसापासून मोजणी सुरू करा. पण त्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. दहा नग घ्या, त्यांना खालच्या बाजूला नंबर टाका. तीन जणांना प्रत्येकी दोनदा मोजायला लावा, क्रम बदलून, एकमेकांचे आकडे न दाखवता. एकाच नगाचे तीन वेगळे आकडे आले तर तुमचा प्रश्न मशीनचा नाही, मायक्रोमीटरचा (बारीक माप घ्यायचं हत्यार) किंवा हाताचा आहे. कुणी रॅचेट (ठरावीक दाबावर सुटणारी टोकाची फिरकी) वापरत नाही, कुणी थिंबल (फिरवायची नळी) दाबून पिळतो, कुणी कूलंटनं ओला, गरम नग तसाच मोजतो. मे महिन्यात आपल्याकडं शेडचा पत्रा तापलेला असतो, त्यात नुकताच मशीनवरून उतरलेला नग. तो गार झाल्यावर दुसराच आकडा दाखवतो. दोन दिवस लागतात या परीक्षेला, पण पुढचे दोन महिने वाचतात.

मग टॅली शीट. कॉम्प्युटर नको. ए-फोर कागद, आडवे रकाने शिफ्टच्या आठ तासांचे, उभे रकाने दोषांचे: बोर (आतलं भोक) मोठा, बोर लहान, बर (कडेला उरलेली धातूची धार), डेंट (आपटल्याचा खड्डा), टूल मार्क, इतर. दोष सापडला की ऑपरेटरनंच त्या चौकटीत रेघ मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. कागद मशीनलाच क्लिपनं लावा, पेन दोरीनं बांधा. पेन बांधलं नाही तर तिसऱ्या दिवशी नोंद बंद पडते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तासाचा रकाना विसरू नका. बहुतेक शॉपमध्ये दिवसाचा एकच आकडा लिहितात आणि त्यातून काहीच कळत नाही.

दोन आठवडे झाले की बेरीज करा आणि पैशात बदला. समजा एका मशीनवर शिफ्टला ४०० नग निघतात, त्यातले १२ खराब. ३ टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण एका नगाचं मटेरियल आणि मशिनिंग मिळून ३८ रुपये धरले तर रोजचे ४५६ रुपये, आणि २६ दिवसांचे ११,८५६. एका मशीनचे, एका शिफ्टचे. शिवाय गाड्यांच्या कंपन्या टक्क्यांत बोलतच नाहीत, दहा लाखांत किती ते विचारतात. ३ टक्के म्हणजे दहा लाखांत ३०,०००. हे सगळे ग्राहकापर्यंत जात नाहीत हे खरं, पण तीनशे-चारशे नगांतून डोळ्यांनी बारा निवडून काढणारा माणूस एखादा तरी सोडणारच.

टॅलीत एखाद-दोन दोषच निम्म्याहून जास्त जागा खातात असं जवळजवळ नेहमी दिसतं. क्वालिटीचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी हा नियम क्वालिटीच्या कामात आणला. तुम्ही फक्त सगळ्यात उंच ढीग घ्या. एकच. सहा प्रश्न एकदम हातात घेतलेला सुपरवायझर सहा महिन्यांनी सहा अर्धवट फायली घेऊन बसलेला असतो.

पाच वेळा 'कामून'

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत रुजवली. आपल्याकडं 'का' नाही, 'कामून'. मी मुद्दाम 'कामून'च विचारतो, कारण 'रूट कॉज सांगा' म्हटलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो, आणि 'कामून वो मामा?' म्हटलं की बोलायला लागतो.

हे कसं चालतं ते एका प्रसंगातून सांगतो. आमच्याकडं एक बुश (आत गोल भोक असलेली छोटी नळी) होता, बोर २० मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डिसेंबरातली गोष्ट. ऑर्डर कमी असल्यामुळं तिसरी शिफ्ट बंद होती. टॅलीत दिसलं की बोर मोठा होण्याच्या रेघा जवळजवळ सगळ्या सकाळी सातच्या पहिल्या तासात, आणि थोड्या जेवणाच्या सुट्टीनंतर. ऑफिसचं मत एका वाक्यात: "पोरं झोपेत असतात."

मी, मामा आणि गंगापूरकडून रोज बसनं येणारा आयटीआयचा एक पोरगा, तिघं त्या मशीनपाशी उभे राहिलो. केबिनमध्ये बसून नाही, मशीनपाशी.

बोर मोठा कामून? पहिल्या नगावर ऑफसेट दिला (टूलची जागा आकडा टाकून सरकवली), तो बरोबर आला, पुढं साइज सरकत गेली.

सरकली कामून? मशीन गार होतं. चालायला लागलं की स्पिंडल (नग फिरवणारा दांडा) आणि हेडस्टॉक (त्याची पेटी) तापतात, लोखंड वाढतं, टूल आणि नगाच्या मधलं अंतर काही मायक्रॉननं बदलतं. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सला तेवढं पुरतं.

गार कामून? रात्री अकराला बंद झालं, सकाळी सातला थेट माल सुरू.

थेट माल कामून? कारण टार्गेट सात वाजून शून्य मिनिटापासून धरलंय. गरम करण्यात वेळ घालवला तर संध्याकाळी नग कमी भरतात आणि बोलणी बसतात.

टार्गेट असं कामून धरलं?

इथं तो पोरगा माझ्याकडं बघायला लागला. कारण टार्गेटचा तक्ता मी बनवला होता.

झोपेचा कुठंच संबंध नव्हता. मामा म्हणाले, "थंडीत फटफटी काढली की दोन मिनिटं तशीच चालू ठेवतो का नाही आपण? मग हिला कामून नाही?" आम्ही पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्रॅम लावला: स्पिंडल फिरतंय, दोन्ही अ‍ॅक्सिस मागं-पुढं होतायत, नग लावलेला नाही. टार्गेटमधून ती पंधरा मिनिटं वजा केली. पहिल्या तासाचा रकाना आठवडाभरात जवळजवळ रिकामा झाला, आणि संध्याकाळी मोजलं तर चांगले नग पहिल्यापेक्षा कमी भरले नव्हते.

पाचवा 'कामून' सुपरवायझरच्या किंवा मालकाच्या टेबलावर येऊन थांबणं, हे वरचेवर होतं. आलं तर मान्य करा, तिथंच, सगळ्यांसमोर. "तक्ता माझा चुकला, उद्यापासून बदलतो." त्या एका वाक्यानं माझ्या टीमनं मला जेवढं जवळ केलं तेवढं वर्षभराच्या भाषणांनी केलं नसतं.

आणि जर पाचवं उत्तर 'ऑपरेटरचं लक्ष नव्हतं' असं आलं, तर तुम्ही लवकर थांबलात. परत तिसऱ्यापासून सुरू करा.

सारखा ऑफसेट हलवू नका

त्याच मशीनवर दुसरी एक गोष्ट दिसली, आणि ती इतक्या शॉपमध्ये बघितली की जरा सविस्तर सांगतो. तो आयटीआयचा पोरगा फार प्रामाणिक. प्रत्येक नग मोजायचा, आणि दोन मायक्रॉन वर गेला की ऑफसेट दोन खाली, तीन खाली गेला की तीन वर. दिवसभर. मेहनत बघून कुणीही शाबासकी देईल. पण त्याच्या मशीनचा माल बाकीच्यांपेक्षा जास्त पसरलेला होता.

प्रत्येक मशीनचा स्वतःचा थोडा हेलकावा असतो. काहीही न बिघडता नग दोन-तीन मायक्रॉन इकडं-तिकडं होणारच. त्या नैसर्गिक हेलकाव्यावर दर वेळी उतारा द्यायला गेलात की दोन हेलकावे एकमेकांत मिसळतात. क्वालिटीचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग हे नरसाळ्यानं दाखवायचे: नरसाळ्यातून गोटी खालच्या खुणेवर सोडायची. नरसाळं जागेवर ठेवलं तर गोट्या खुणेभोवती जवळ-जवळ पडतात. प्रत्येक गोटी जिकडं चुकली त्याच्या उलट नरसाळं सरकवत गेलं तर गोट्या आणखी लांब पसरतात. करून बघा, चहाच्या सुट्टीत दहा मिनिटांत होतं, आणि पोरांना व्याख्यानापेक्षा हे पटतं.

मग कधी हलवायचं? हा नेहमीचा हेलकावा आणि ही खरी बिघाडाची खूण, यांतला फरक ओळखण्यासाठीच वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली बेल टेलिफोन समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कंट्रोल चार्ट (मापं आणि त्यांच्या हद्दी दाखवणारा आलेख) काढला होता. शंभर वर्षं झाली, आजही तो तसाच चालतो. तुमच्या शॉपमध्ये चार्ट नसला तर सुरुवातीला साधा नियम लावा: वॉर्म-अपनंतर पहिला, पाचवा आणि दहावा नग मोजायचा, पुढं दर पंचवीस नगांनी एक. सलग तीन मापं एकाच दिशेनं सरकली तरच ऑफसेट. एखादं माप एकदम उडालं तर ऑफसेटला हात न लावता आधी मशीन थांबवायचं आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बघायचं. मशीन थांबवायचा हक्क ऑपरेटरला आहे हे तोंडानं सांगून भागत नाही. पहिल्यांदा कुणी थांबवलं त्या दिवशी तुम्ही कसे वागता, यावर पुढचं सगळं ठरतं. उत्पादन अडलं म्हणून कपाळाला आठी जरी पडली, तरी दुसऱ्यांदा कुणी थांबवणार नाही.

कागद ऑपरेटरनं लिहावा

जे जमलं ते कागदावर आणा. एकच पान, मशीनसमोर, मोठ्या अक्षरात. मजकूर ज्यानं सुधारणा केली त्याच्याकडूनच लिहून घ्या, त्याच्या भाषेत. आमच्याकडं बिहार-यूपीची पोरं होती, म्हणून मराठीखाली हिंदी. त्याहून चांगलं म्हणजे खरे नग: पाटीवर डावीकडं चांगला नग, उजवीकडं चार खराब, प्रत्येकाखाली दोषाचं नाव. बर किती चालते, यावर दोन शिफ्टचे दोन इन्स्पेक्टर भांडत बसायचे. पाटी लागल्यावर भांडण संपलं. एका सुधारणेच्या वेळी एकच बदल करा. वॉर्म-अप, नवीन इन्सर्ट आणि नवीन कूलंट तिन्ही एकाच सोमवारी लावले तर कशानं गुण आला ते कळायला मार्ग उरत नाही.

'काहीतरी नवीन' म्हणजे काय

नवीन म्हटलं की मालकांच्या डोळ्यांसमोर रोबो येतो आणि पोरांच्या डोळ्यांसमोर आपली नोकरी जाताना दिसते. दोघांनाही सांगा की नवीन म्हणजे आधी हातातलं काम सोपं करणं. जपानी अभियंता शिगेओ शिंगो १९६१ साली एका कारखान्यात गेले, तिथं छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायला बायका अधूनमधून विसरत. त्यांनी सांगितलं, जोडणी सुरू करायच्या आधी दोन स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवा. काम झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर विसरलं हे लगेच दिसतं. विसरू नका असं ओरडण्यापेक्षा विसरणं उघडं पडेल अशी सोय केली. याला आज सगळे पोकायोके म्हणतात.

आमच्याकडचं उदाहरण आणखी साधं. तयार नग पत्र्याच्या क्रेटमध्ये पडताना एकमेकांवर आपटून डेंट पडायचे. पॅकिंगला असलेल्या ताई, ज्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "भांडे रचताना मधे फडकं टाकतो तसं करा ना." ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून क्रेटच्या तळाला आणि थरांच्या मधे टाकले. डेंटचा रकाना आटला. पैसे जवळजवळ शून्य लागले.

सूचना मागवायची पेटी सगळेच लावतात आणि सगळ्यांची धूळ खाते. कारण उत्तर येत नाही. म्हणून नियम करा: प्रत्येक सूचनेला सात दिवसांत उत्तर, होकार असो की नकार, आणि नकार असेल तर कारण समोर बसून सांगायचं. झालेल्या सुधारणेवर सुचवणाऱ्याचं नाव. क्रेटवर आम्ही ताईंचं नाव रंगवलं. ग्राहकाचे ऑडिटर आले तेव्हा त्यांनी ते वाचून ताईंना बोलावून विचारलं. बक्षिसाची रक्कम छोटी चालेल, पण ती मालकांच्या हातून, सगळ्यांसमोर मिळू द्या.

हे फक्त लोखंडाच्या शॉपला लागू आहे असं नाही. लातूरच्या डाळमिलमध्ये माझा एक नातेवाईक आहे. तिथं प्रश्न तुकड्याचा. तूर फोडताना फटका डाळ (तुकडा न पडलेली चांगली डाळ) किती निघाली आणि चुरा किती झाला यावर सगळा नफा. त्यांनीही तासाची टॅली लावली, आणि वाळवणाच्या ओट्यावर ढगाळ दिवशी तूर नीट न सुकता पुढं जाते हे रेघांवरून दिसलं. वाळवणावरच्या बायकांना ते आधीपासून माहीत होतं. दाणा दाताखाली धरून त्या सांगायच्या. आता त्यांनी हो म्हटल्याशिवाय माल चक्कीवर चढत नाही. हळद, मसाला, पापड, बियाणं, काहीही असो, पद्धत हीच.

सुगीचा हिशेब आधी धरा

बाहेरची पुस्तकं हे सांगत नाहीत. आपली निम्मी टीम शेतकऱ्याची लेकरं आहेत. पोळ्याला गावी जाणार, ऑक्टोबरात सोयाबीन काढायला जाणार, नंतर कापूस, दिवाळी, पैठणला नाथषष्ठी, उन्हाळ्यात लग्नं. त्या दिवसांत मशीनवर बदली माणूस उभा राहतो आणि रिजेक्शन वाढतं. त्यावर चिडून उपयोग नाही, सोयाबीन कुणासाठी थांबत नाही. एक तक्ता करा: डावीकडं माणसं, वर मशीनं, कुणाला काय येतं त्याच्या खुणा. प्रत्येक मशीनला किमान दोन जण तयार पाहिजेत. हे शिकवणं जून-जुलैत उरकून घ्या, आणि सुगीची रजा कुणाला कधी लागणार हे सप्टेंबरातच विचारून ठेवा. विचारलं की पोरं खरं सांगतात. न विचारता जातात तेव्हा आजी तिसऱ्यांदा वारलेली असते.

रोजची दहा मिनिटं आणि बाहेरची मदत

शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं, लाल डब्याभोवती उभं राहून. बसायचं नाही, बसलं की अर्धा तास जातो. कालचे खराब नग हातात घ्यायचे, कुठल्या तासाला निघाले ते बघायचं, आज एक काय बघायचं ते ठरवायचं. तुम्ही कमी बोला. दोन महिन्यांनी मीटिंग ऑपरेटरकडं सोपवा, आठवड्याला एक.

मालकांकडं जाताना टक्के नेऊ नका, रुपये न्या. "बोरचं रिजेक्शन कमी झालं" यापेक्षा "या महिन्यात त्या मशीनवर एवढे रुपये वाचले, त्यातून दोन डायल गेज हवेत" हे त्यांना लगेच कळतं.

शिकायला लांब जायची गरज नाही. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं टूलिंगपासून सीएनसीपर्यंतचे (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) कोर्स चालतात. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये तपासणीच्या सोयी आहेत, महागडं मोजणी यंत्र विकत घेण्याआधी तिथं चौकशी करा. मसिआ आणि सीएमआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना मालकांसोबत एखाद्या ऑपरेटरलाही घेऊन जा. छोट्या उद्योगांसाठी केंद्र सरकारची झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राची योजना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी. ब्राँझपासून सुरू करायला हरकत नाही, फक्त भिंतीवर लावायला म्हणून करू नका.

टीम रुळली की क्वालिटी सर्कल काढा: एकाच भागातली सहा-आठ माणसं, आठवड्यातून एक तास, स्वतः निवडलेला प्रश्न. जपानमध्ये हे १९६२ साली सुरू झालं, आपल्या देशात १९८०च्या सुमारास भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीतून, आणि १९८२ साली हैदराबादला क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यांच्या स्पर्धांमध्ये ऑपरेटर स्वतः माइक हातात घेऊन आपला प्रकल्प मांडतात. तो आयटीआयचा पोरगा, जो माझ्याशी मान वर करून बोलत नव्हता, तो अशाच एका व्यासपीठावर वॉर्म-अपची गोष्ट सांगताना मी बघितलाय. पाचव्या 'कामून'पाशी तो थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवल्यावर पुढं बोलला.

सहा महिने झाले की चार दिवस रजा घ्या आणि फोन करू नका. परत आल्यावर आधी लाल डब्यापाशी जा. डब्यात नग आहेत, टॅलीवर चारही दिवसांच्या रेघा आहेत, मीटिंगच्या वहीत कुणाच्या तरी वाकड्या अक्षरात कालची नोंद आहे, असं दिसलं तर दुसरा ढीग हातात घ्या. डबा रिकामा आणि शीट कोरं दिसलं, तर कॉम्प्रेसरच्या मागं बघून या, आणि मग कुणालाही न रागावता मामांना चहाला घेऊन जा.